वाचक विचारतात : डोंगरात सोडलेले, तरी घरचे घोडे

मागच्या अंकात याच सदराच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिली होती, ग्रीसच्या स्कायरोस बेटावरच्या घोड्यांची. एवढंच लिहिलं होतं की एजियन समुद्रातल्या या बेटावर घोड्याची एक फार जुनी जात आहे, उंची मीटरभर, अर्धरानटी, म्हणजे वर्षाचा बराच काळ मोकळी डोंगरात राहते आणि आता फार थोडी उरलीय. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअॅप आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न (नाशिक) : मॅडम, तुम्ही 'अर्धरानटी' लिहिलंत ते नीट कळलं नाही. घोडे कुणाच्या मालकीचे आहेत की जंगली आहेत? मालकीचे असतील तर मालक त्यांना डोंगरात का सोडतो, चोरीला जात नाहीत का?

मालकीचेच आहेत हो. जंगली घोडा वेगळा, आणि पाळीव घोडे पळून जाऊन पिढ्यान्‌पिढ्या मोकळे राहिले तर ती गोष्ट आणखी वेगळी. स्कायरोसला या दोन्हीतलं काही नाही, तिथं माणसानं मुद्दाम बसवलेली रीत आहे आणि ती समजून घ्यायची तर आधी तिथला पाऊस बघावा लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, तिकडे उन्हाळा पूर्ण कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. म्हणजे डोंगरावर गवत कधी, तर थंडीत आणि वसंतात. पीक कापणीला येतं जूनच्या सुमाराला, आणि नेमकं तेव्हाच डोंगर वाळून पिवळा पडलेला असतो.

आता बेटाचा नकाशा बघा. बेट मधेच चिंचोळं होतं आणि दोन भाग पडतात. उत्तरेला पाइनची झाडं, सपाट जमीन, शेती. दक्षिणेला कोखिलास नावाचा डोंगर, साधारण ७९० मीटर, सगळा खडक, काटेरी झुडपं, झाड औषधालाही मिळायचं नाही आणि वारा असा की उभं राहू देत नाही. शेतकरी आपले घोडे हिवाळ्यात या दक्षिणेच्या डोंगरात सोडून द्यायचे. ना दाणा, ना गोठा. तिथंच चरायचं, तिथंच व्यायचं, थंडी-वारा सोसायचा. मग उन्हाळा आला की घरटी माणसं जाऊन आपापली जनावरं हुडकून खाली आणायची, कारण आता मळणी आली.

आणि ही मळणी आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे खळं सारवून मधे तिवडा रोवून बैलांची पात धरायचे ना, तेच, फक्त बैलांच्या जागी ही मीटरभर उंचीची घोडी. डोंगरउतारावर वारा लागेल अशा ठिकाणी गोल खळं, त्यावर गव्हाच्या-जवाच्या पेंढ्या पसरलेल्या, आणि घोडी एकमेकांच्या शेजारी अशी ओळीनं बांधलेली, मागून माणूस हाकतोय आणि ती गोल गोल पळतायत. एका घराची घोडी पुरली नाहीत तर शेजाऱ्याची जोडीला घ्यायची, मग त्याच्या खळ्यावर आपली द्यायची. मळणी झाली, उपणणी झाली, धान्य घरात आलं, दिवस फिरले की घोडी पुन्हा डोंगरात. म्हणजे वर्षातला जो काळ काम नाही त्या काळात चारा घालायचा खर्च नाही, आणि जेव्हा डोंगरावर खायला नाही तेव्हा जनावर खाली शेतात. इतका बरोबर जमलेला हिशोब आहे हा की तो शतकानुशतकं चालला यात मला तरी नवल वाटत नाही.

चोरीचं म्हणाल तर बेट आहे, चोरून नेणार कुठं. सगळं बेट मिळून २१० चौरस किलोमीटरच्या आसपास, माणसं मोजकी आणि कुणाची घोडी कुठली हे सगळ्यांना पाठ.

प्रश्न (लातूर) : एवढी बुटकी का? चारा कमी म्हणून खुरटली असतील तर चांगला खुराक दिल्यावर मोठी होतील का?

नाही होणार, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं कारण हा गैरसमज आपल्याकडच्या जनावरांबद्दलही आहे. कुपोषणानं खुरटलेलं शिंगरू आणि जातीनंच लहान असलेलं शिंगरू या वेगळ्या गोष्टी आहेत. स्कायरोसची पूर्ण वाढलेली घोडी खांद्याशी साधारण ९४ ते ११२ सेंटीमीटर भरते, आणि बेटाबाहेर नेऊन चांगल्या कुरणात वाढवली तरी ती लहानच राहते, कारण उंची आता रक्तातच बसलीय.

बसली कशी, तर अनेक पिढ्यांत. मोठ्या अंगाच्या घोड्याला पोट भरायला जास्त लागतं, दुष्काळी वर्षात तो आधी जातो, लहान अंगाचा तगतो आणि त्याची शिंगरं पुढे येतात. बाहेरून मोठे घोडे यायचे नाहीत कारण मधे समुद्र. असं शेकडो वर्षं चाललं की जनावर लहान होत जातं. बेटांवर हे बऱ्याच प्राण्यांचं होतं.

पण लहान म्हणजे बेढब नव्हे हे मला मुद्दाम सांगायचंय. उंचीला शेटलँड या स्कॉटलंडच्या बुटक्या तट्टाच्या जवळपास जाणारी जात असली तरी शेटलँड जाडजूड, पायांनी आखूड, आणि ही सडपातळ. डोकं, मान, पाय यांचं प्रमाण मोठ्या घोड्यासारखं. नुसता फोटो बघितला आणि शेजारी माणूस उभा नसला तर उंची कळतच नाही. रंगानं बहुतेक कुमाईत, म्हणजे तांबूस अंग आणि आयाळ-शेपूट काळी, बाकी रंगही मिळतात. आयाळ लांब.

मी जनावरांची डॉक्टर असल्यामुळे माझं लक्ष आधी खुराकडे जातं. या घोड्यांचं खूर लहान, अरुंद आणि अतिशय टणक असतं, नाल मारायची गरज पडत नाही. खडकावर चालून चालून खूर वाढतं तितकं झिजतं, कडा आपोआप गोल होतात. हेच घोडं मऊ जमिनीवर, भरपूर हिरव्या गवतात ठेवलं की खूर झिजत नाही, कडा लांबतात, फाटतात. आणि त्याहून वाईट म्हणजे जास्त गोड गवत आणि दाणा पचवायची सवय नसलेल्या अशा काटक जातींना खुराच्या आतली सूज लवकर धरते, घोडं मागच्या पायांवर भार टाकून पुढचे पाय पुढे काढून उभं राहतं, पाऊल टाकायला नको म्हणतं. तेव्हा लातूरच्या दादा, खुराक वाढवून जात मोठी व्हायची नाही पण घोडं लंगडं मात्र होईल. तुमच्या घरच्या तट्टालाही हे लागू आहे, गुटगुटीत दिसतंय म्हणून खूश होऊ नका, मानेवर चरबीचा कडक पट्टा हाताला लागतोय का ते चाचपून बघा.

प्रश्न (ठाणे) : इंटरनेटवर वाचलं की अकिलीसनं ट्रॉयच्या युद्धाला हेच घोडे नेले आणि अथेन्सच्या पार्थेनॉनवर कोरलेले घोडे पण हेच. खरं आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळं बोलू.

अकिलीस म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा वीर, आणि त्याचं स्कायरोसशी नातं ग्रीक पुराणकथांत आहेच. ट्रॉयच्या युद्धात मुलगा मरणार हे त्याच्या आईला, थेटिसला, कळलं होतं म्हणून तिनं त्याला मुलीच्या वेशात स्कायरोसच्या राजाकडे, लायकोमिडीसकडे, राजकन्यांच्यात लपवून ठेवलं, आणि मग ओडिसियस या ग्रीक राजानं त्याला ओळखून बाहेर काढलं. त्यावरून तो जाताना इथलेच घोडे घेऊन गेला असं बेटावरची माणसं सांगतात. ती त्यांची श्रद्धा आहे, कुठल्याही गावाला आपल्या देवाचा घोडा आपल्याच मातीतला वाटतो आणि त्यात वावगं काही नाही. पुरावा म्हणून मात्र ते धरता येणार नाही.

पार्थेनॉनचं जरा सावकाश बघू. इसवी सनाआधी पाचव्या शतकात अथेन्सनं हे मंदिर बांधलं, त्याच्या भिंतीवरच्या लांबलचक शिल्पपट्टीवर घोडेस्वारांची मिरवणूक आहे, आज तिचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे आणि बाकीचा बराचसा अथेन्सच्या अॅक्रोपोलिस म्युझियममधे. त्यात स्वार बसलेत त्या मानानं घोडे लहान दिसतात, पाय बरेच खाली लोंबतात. म्हणून लोक म्हणतात हे स्कायरोसचेच. पण त्या काळचे ग्रीक शिल्पकार एक पद्धत पाळायचे, की पट्टीतली सगळी डोकी साधारण एका रेषेत आली पाहिजेत, मग माणूस चालत असो की घोड्यावर असो. तसं करायचं तर घोडा लहान कोरावाच लागतो. शिवाय त्या काळी ग्रीसमधले घोडे एकूणच आजच्या घोड्यांपेक्षा लहान होते. तेव्हा शिल्पावरून जात ओळखायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

एक धागा मात्र इतिहासाचा आहे. इसवी सनाआधी ४७६-७५ च्या सुमाराला अथेन्सचा सेनापती किमॉन यानं स्कायरोस जिंकलं आणि तिथं अथेन्सची माणसं वसवली. या वस्तीबरोबर घोडे आले असावेत असा एक तर्क आहे. तर्कच आहे, पण पुराणकथेपेक्षा त्याला जमिनीचा आधार जास्त.

आणि खरं सांगू का, जातीची किंमत तिच्या पूर्वजांवर लावायची मला गरजच वाटत नाही. ज्या घोड्यानं खडकात राहून माणसाचं धान्य मळून दिलं त्याला अकिलीसच्या शिफारशीची गरज कशाला.

प्रश्न (सोलापूर) : फार थोडे उरलेत म्हणता, म्हणजे किती? आणि इतकी वर्षं टिकलेले घोडे आताच कसे संपायला लागले? रोग आला का?

रोग नाही, मळणीयंत्र आलं.

१९६० नंतर बेटावर यंत्रं आणि गाड्या आल्या, आणि खळ्यावरचं काम गेलं. पेरणी-वाहतुकीचं किरकोळ काम होतं तेही गेलं. वर सांगितलेला हिशोब आठवा, त्यातला उन्हाळ्याचा अर्धा भागच निघून गेला. आता घोडा डोंगरात सोडला तर त्याला खाली आणायचं कशाला? मग काहींनी विकले, काहींनी तसेच सोडून दिले आणि कोण मेलं कोण व्यालं याची चौकशी करायला माणूस उरला नाही. २००९ च्या सुमाराची मोजणी आहे, तेव्हा सगळ्या ग्रीसमधे मिळून साधारण २२० घोडे होते आणि त्यातले दीडशेच्या आसपास स्कायरोसवर. बाकीचे कॉर्फू बेटावर आणि मुख्य भूमीवर जपलेले.

दुसरं, डोंगरावर घोडा एकटा नाही. शेळ्या-मेंढ्या आहेत, आणि शेळी-मेंढीला दूध, चीज, मटण असं रोखीचं उत्पन्न आहे. एकाच डोंगरावर तेच गवत आणि तेच पाण्याचे झरे, आणि एका जनावराला बाजारभाव, दुसऱ्याला नाही. कुंपणं पडत गेली, घोड्यांच्या जुन्या वाटा अडल्या. मेंढपाळाला मी दोष देणार नाही, त्याचं पोट आहे त्यावर. पण कोरड्या वर्षात पाण्यापर्यंत जायला घोड्याला वाट मिळाली नाही तर तो मरतो, यात दुसरं काही होत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं, आणि त्यावर पुढचा प्रश्न आलाच आहे.

प्रश्न (बीड) : आमच्याकडे वीटभट्टीवर गाढवं, खेचरं आहेत म्हणून विचारतो. या बेटावर गाढवं पण आहेत का? संकर होतो का?

होतो, आणि तुमच्यासारख्या जनावरं जवळून बघितलेल्या माणसानंच हा प्रश्न विचारावा.

बेटावर गाढवं आहेत आणि ती पण मोकळी फिरतात. मोठ्या घोडीशी गाढवाचं जमणं उंचीमुळे अवघड जातं, इथं तर घोडी गाढवाच्याच उंचीची. मग घोडी आणि गाढव यांचं खेचर होतं, किंवा घोडा आणि गाढवी यांच्या पोटी उलट संकर होतो. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, आणि त्यामुळे खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

लोकांना वाटतं संकर झाला तर काय बिघडलं, एक काटक जनावर मिळालं. आता घोडीच्या बाजूनं बघा. घोडी तीनेक वर्षांची झाल्यावर माजावर धरायची, अकरा महिने पोटात, एका वेळी एकच शिंगरू, आणि डोंगरावरच्या खाण्यावर दर वर्षी गाभण राहीलच असं नाही. म्हणजे आयुष्यात तिला शिंगरं मोजकीच. त्यातलं एक वर्ष जरी खेचरात गेलं तर ते वर्ष त्या जातीच्या हिशोबातून पूर्ण वजा, कारण त्या खेचराच्या पुढे काही नाही. हजारो घोडी असतील तर हे लक्षातही येत नाही. शंभराच्या आत व्यायला योग्य घोडी असतील तर दर वर्षीची चार-पाच खेचरं जातीला खाली ओढतात. बाहेरून बघणाऱ्याला डोंगरावर जनावरं दिसतच राहतात, कळप भरलेला दिसतो, आणि आत जात आटत असते. मला हेच फार लागतं. जनावर मेलं तर निदान कुणाच्या नजरेला येतं.

उपाय अवघड नाही, चिकाटीचा आहे. गाढव नर वेगळे ठेवायचे किंवा खच्ची करायचे, घोड्यांची नोंदवही ठेवायची, कुठली घोडी कुठल्या घोड्याकडून गाभण राहिली ते लिहायचं, शंका असेल तिथं रक्ताची किंवा केसांच्या मुळांची डीएनए तपासणी करायची. ग्रीसमधे हे काम सुरू झालंय, वंशावळीच्या नोंदी आहेत, अभ्यास झालेत.

प्रश्न (पुणे) : दोनशे-अडीचशे घोडे म्हणजे सगळे एकमेकांचे नातेवाईकच झाले. मग कितीही वाढवले तरी रक्त तेच, नाही का? बाहेरचा चांगला घोडा आणून जात सुधारता येणार नाही का?

प्रश्नाचा पहिला भाग बरोबर आहे. लहान कळपात जवळच्या नात्यातला संकर होतोच, आणि मोकळ्या कळपात तो आणखी वाढतो कारण एक दांडगा नर सगळ्या घोड्या स्वतःकडे ठेवतो, बाकी नर नुसते कडेला फिरतात. दहा नर आहेत असं वहीत असलं तरी बाप दोघंच. म्हणून नर कुठला ठेवायचा, किती वर्षांनी बदलायचा, कॉर्फूचा नर स्कायरोसला आणि तिकडची शिंगरं इकडे असं करायचं का, हे आखून करावं लागतं. वेगवेगळ्या जागी कळप ठेवण्याचा मोठा फायदा हाच, शिवाय एका जागी साथ आली किंवा वणवा लागला तरी सगळं एकदम जात नाही.

दुसऱ्या भागाला माझं स्पष्ट नाही आहे. 'जात सुधारायची' या शब्दांनी जितक्या देशी जाती संपवल्या तितक्या दुष्काळानं नसतील संपवल्या. बाहेरचा उंच देखणा घोडा आणला की पहिल्या पिढीत शिंगरं उंच होतात, लोक खूश होतात, मागणी येते, आणि तिसऱ्या पिढीला डोंगरात सोडलं की ती तगत नाहीत कारण खूरही गेलं आणि कमी खाण्यावर राहायची ताकदही गेली. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर हेच झालं. तिथले लहान घोडे मोठ्या जातींशी संकर करून करून जवळपास सगळीकडून गेले, उरले ते फक्त एरिस्के नावाच्या पिटुकल्या बेटावर, का, तर तिथं दुसरे घोडे नेणंच अवघड होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं वीसच्या आसपास घोडे शिल्लक होते. गावातल्या माणसांनी एकत्र येऊन नोंदवही काढली आणि आज ते काहीशेवर गेलेत. त्या वेळी कुणी सुधारणेच्या मोहात पडलं असतं तर आज एरिस्केचा घोडा फोटोत बघावा लागला असता.

प्रश्न (कोल्हापूर) : अशी अर्धरानटी घोडी जगात आणखी कुठं आहेत?

थोडक्यात सांगते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर जारा नावाचं बसॉल्टचं सपाट पठार आहे, साधारण ४५ चौरस किलोमीटर, आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांची आठवण येईल असं. हिवाळ्यातल्या पावसानं त्यावर उथळ तळी साचतात, तिथले लोक त्यांना पाउली म्हणतात, वसंतात पांढऱ्या फुलांनी भरतात आणि त्यात गुडघाभर पाण्यात घोडी चरताना दिसतात. बदामी डोळ्यांची, गडद रंगाची, तीही लहानच. त्यांनाही पूर्वी मळणीला धरायचे. पाचेकशेच्या घरात संख्या आहे, म्हणजे स्कायरोसपेक्षा बरी.

जपानच्या क्यूशू बेटावर तोई भूशिरावर मिसाकी घोडे आहेत, १६९७ साली तिथल्या सरदार घराण्यानं कुरण राखून कळप सुरू केला, १९५३ साली सरकारनं त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केलं. शंभराच्या आसपास आहेत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर लोइस्टा नावाच्या रानात गॉटलंड रुस जातीच्या घोड्यांचा कळप मोकळा राहतो. बाकी जपानच्या योनागुनीसारखी आणखी नावं आहेत पण आज जागा नाही.

प्रश्न (बारामती) : राग मानू नका, पण ग्रीसच्या घोड्यासाठी चार पानं आणि आपल्या भीमथडीसाठी एक ओळ नाही?

राग कसला, हक्कानं विचारलंत. आणि खरं तर भीमथडीमुळेच मला हा विषय जवळचा आहे.

भीमथडी म्हणजे भीमेच्या खोऱ्यातला आपला दख्खनी घोडा. मराठ्यांच्या घोडदळामुळे नाव मोठं झालं. पुढे तो संपलाच असं लोक धरून चालले होते, पण तो संपला नव्हता, तो धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या बिऱ्हाडाबरोबर, चालत होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागातले मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढरं घेऊन निघतात तेव्हा सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, वाघरीची जाळी, दाणे, कोंबड्या, नुकतंच व्यालेलं कोकरू, आणि वर बसलेलं लेकरू. ते लादायचं-उतरवायचं काम बहुतेक वेळा बाईमाणसाचं, मेंढरांमागे पुरुष गेलेला असतो. पाठीवर वाकळ कशी घालायची, ओझं दोन्ही बाजूंना कसं तोलायचं आणि दोरी कुठं आवळायची म्हणजे पाठ लागणार नाही, हे त्या ताईंना जे येतं ते आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पाठ लागलेला घोडा बिऱ्हाड थांबवतो, त्यामुळे तिथं हयगय चालत नाही.

अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंद दिली. फार चांगली गोष्ट झाली. आता स्कायरोसचं उदाहरण मी का घेतलं ते सांगते. तिथं घोड्याची कीर्ती जगभर झाली, पुस्तकांत फोटो आले, पण खळं बंद पडल्यावर घोडा कमी व्हायचा थांबला नाही. आपल्याकडे भीमथडीचं काम अजून चालू आहे. ते काम म्हणजे मेंढरांचं फिरणं, आणि त्या फिरण्याच्या वाटा, चराऊ रानं, पाणवठे दर वर्षी कमी होतायत. एखाद्या घरानं मेंढरं विकून टेम्पो घेतला की त्या घरातली घोडी बाजारात जाते. तेव्हा भीमथडी जपायचा असेल तर नुसत्या शर्यती आणि प्रदर्शनं भरवून भागायचं नाही, वाड्यांना चराई मिळाली पाहिजे, वाटेत जनावराला लस आणि औषध मिळालं पाहिजे, नर घोडा कुणाकडे चांगला आहे याची नोंद हवी. आणि रंगीत, उंच, नाचरा घोडा हवा म्हणून त्यात मारवाडी-काठेवाडी मिसळायचं थांबलं पाहिजे. त्या जाती त्यांच्या जागी उत्तम आहेत.

बारामतीकर, तुमच्या ओळखीत कुणाच्या वाड्यात जुन्या वळणाची घोडी असेल तर त्यांच्या परवानगीनं मला कळवा, पुढच्या एका अंकात फक्त भीमथडीच घेऊ.

प्रश्न (रत्नागिरी, इयत्ता पाचवी) : त्या छोट्या घोड्यावर मला बसता येईल का? मी ३१ किलोची आहे.

तुला येईल गं बाळ. तुझ्याएवढी मुलं त्यावर बसतात, बेटावरची मुलं तर त्यावरच शिकतात. हा घोडा स्वभावानं शांत आणि हुशार असतो, म्हणून काही ठिकाणी ज्यांना चालायला-बोलायला त्रास आहे अशा मुलांच्या उपचारातही त्याला घेतात. तुझ्या बाबांना मात्र बसता येणार नाही. आणि बसायच्या आधी त्याच्यासमोर उभं राहून त्याला तुझा हात हुंगू द्यायचा, मागून जायचं नाही.

प्रश्न (म्युनिक, मूळ सांगली) : आम्ही पुढच्या वर्षी ग्रीसला जातोय, घोडे बघायला मिळतील का? डोंगरात जावं लागेल का?

मिळतील. स्कायरोसला जायची बोट एविया बेटावरच्या किमी बंदरातून सुटते आणि पावणेदोन तासांच्या आसपास लिनारिया बंदरात उतरवते, विमानही आहे. घोडे जवळून बघायचे असतील तर बेटावर त्यांचं संगोपन करणाऱ्या शेतांवर जा, तिथं माहिती पण नीट मिळते आणि तुमचे पैसे त्या कामाला लागतात. दक्षिणेच्या डोंगरात मोकळे घोडे दिसतीलच याची खात्री नाही, गेलात तर वसंतात जा, तेव्हा हिरवं असतं आणि शिंगरंही असतात. तोच काळ पुढे सरकला की तिथल्या कड्यांवर एलिओनोराचे ससाणे येतात, जगातल्या त्यांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक या बेटावर आहे, दुर्बीण न्या.

तीन गोष्टी पाळा. ब्रेड, बिस्कीट, सफरचंद काहीही खायला घालू नका, कारण वर लातूरच्या प्रश्नात सांगितलंय. वाटेत कुंपणाचं फाटक उघडलंत तर लगेच बंद करा, मेंढपाळाशी वाद नको आणि गाढवंही पलीकडे राहतील. शिंगराच्या आणि घोडीच्या मधे जाऊन फोटो काढू नका. लांबून चांगले फोटो आले तर आमच्या पत्त्यावर पाठवा, नावासह छापू.